चॅप्टर टू आणि मामाचे दात

कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात मोकळा राहील. मागच्या सेमिस्टरला माझ्या सेमिनार रिपोर्टमधला चॅप्टर टू, म्हणजे आपला तो सुप्रसिद्ध ‘लिटरेचर सर्व्हे’, मी एका रात्रीत केला. केला म्हणजे काय, एका सिनिअरच्या रिपोर्टची सॉफ्ट कॉपी पेन ड्राईव्हवर फिरत फिरत आमच्या रूमपर्यंत आली होती. तिच्यातला दुसरा चॅप्टर उचलला, वाक्यं जरा पुढेमागे केली, टाइम्स न्यू रोमन, साइझ बारा, स्पेसिंग दीड... झालं! पहाटे तीनला झोपले आणि सकाळी स्पायरल बायंडिंगच्या रांगेत उभी राहिले. रांगेत पुढे-मागे सगळे आपलेच लोक होते, त्यामुळे लाज वगैरे काही वाटली नाही.

आणखी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा विषय पीटी आणि क्राफ्टच्या पंक्तीतला होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. इंग्रजी विभागात का नाही लिहिलं असं रूममेटने विचारलं. खरं सांगायचं तर इंग्रजीत लिहायला बसले की हात आपोआप रिपोर्टची भाषा लिहायला लागतो, आणि त्या भाषेत खोटं बोलणं फार सोपं आहे हे मला नुकतंच कळलं आहे.

विषय होता पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराईड काढणं. माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. मामाचे दात तपकिरी आहेत, आडव्या पट्ट्यापट्ट्यांचे. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, मामा चोरून तंबाखू खातो. गंमत म्हणजे आजीचे जे काही चार-सहा दात उरलेत ते पांढरे! याचं कारण आजी कधीपासून सांगत होती. ती लहान असताना विहिरीचं पाणी प्यायली, आणि मामाच्या जन्माच्या आसपास गावात हापशी आली. “हापशी आली, गावाले बरं झालं, पन पोरायचे दात गेले.” आम्ही हसायचो. उघड्या विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराईड जास्त उतरू शकतं, आणि दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्यांच्यावर परिणाम होतो, हे मी पुस्तकात वाचलं ते बरंच नंतर.

तर सेमिनारच्या दिवशी मी स्लाईडवर ठणकावून लिहिलं होतं, की ग्रामीण भागासाठी नालगोंडा पद्धत सर्वांत योग्य आहे. पुढे चौकटी कंसात सात. ही पद्धत नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात विकसित केली. पाण्यात तुरटी आणि चुना (आणि जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर) टाकायचा, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. वीज लागत नाही आणि बादलीतही करता येतं. नाव पडलं ते नालगोंडा जिल्ह्यावरून, जो तेव्हा आंध्र प्रदेशात होता आणि आता तेलंगणात आहे.

सरांनी विचारलं, “सात नंबरचा पेपर वाचलायस?”

मी म्हटलं, “हो सर.”

“त्यातल्या पाण्याची अल्कलिनिटी किती होती?”

शांतता.

“बरं, तुझ्या मामाच्या गावच्या पाण्याची किती आहे?”

सर रागावले नाहीत. पुढची स्लाईड घ्यायला सांगितली आणि मार्कही चांगले दिले. रागावले असते तर मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले असते.

पण विसरता येण्यासारखं नव्हतं, कारण तोपर्यंत मी एक उद्योग करून बसले होते. दिवाळीत मामाने विचारलं होतं, “तू इंजिनिअर होऊन राह्यली, मंग या पान्याचं काय करू सांग.” आणि मी सात नंबरच्या भरवशावर फोनवर सांगून टाकलं होतं, तुरटी आणि चुना टाका. मामा ते इमानेइतबारे करत होता. रोज, मुठीच्या मापाने!

त्या रात्री मी सात नंबर शोधायला बसले. तो मिळाला. त्यात ते वाक्य होतं खरं, पण त्याच्यापुढे दुसऱ्याच पेपरचा नंबर होता. तो काढला, तर त्यात आणखी तिसऱ्याचा. तिसरा होता एक मोठा रिव्ह्यू. त्यात लिहिलं होतं की अमुक परिस्थितीत, इतकं फ्लोराईड आणि इतकी अल्कलिनिटी असेल तर, डोस नीट मोजून दिला तर, ही पद्धत स्वस्त पडते. ते सगळे ‘तर’ वाटेत एकेक करून गळून पडले होते आणि माझ्या स्लाईडपर्यंत फक्त ‘सर्वांत योग्य’ पोचलं होतं.

आता प्रत्यक्ष तक्ता. आपल्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत, जिथे फुटक्या खुर्च्या ठेवतात तिथे, जुने बाउंड व्हॉल्यूम आहेत. (आपल्याकडे जर्नल म्हटलं की प्रॅक्टिकलचं जर्नल. खरी जर्नल्स तिकडे धूळ खात असतात.) दोन दुपारी घालवल्यावर पाणीपुरवठ्यावरच्या एका जाड पुस्तकात नीरीचा तुरटीच्या डोसचा तक्ता सापडला. एका बाजूला पाण्यातलं फ्लोराईड, दुसऱ्या बाजूला अल्कलिनिटी, मध्ये लिटरला किती मिलिग्रॅम तुरटी. फ्लोराईड तेच राहिलं तरी अल्कलिनिटी वाढली की तुरटी वाढते. आणि काही घरांत आकड्याऐवजी फुली आहे, म्हणजे हे पाणी असं शुद्ध होणार नाही, आधी अल्कलिनिटी वाढवून घ्या. तीस सेकंदांत समजणारा तक्ता! माझ्या संपूर्ण चॅप्टर टूमध्ये अल्कलिनिटी हा शब्द एकदाही नव्हता.

मामाकडून बाटलीत पाणी मागवून तपासून घेतलं. फ्लोराईड लिटरला २.८ मिलिग्रॅम निघालं. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ते १ असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. अल्कलिनिटी चारशेच्या वर. म्हणजे मुठीच्या मापाने काहीच निश्चित होत नव्हतं. कमी पडली तर फ्लोराईड तसंच, आणि नीट न मोजता टाकत राहिलं तर पाण्यात ॲल्युमिनियम राहून जाण्याची भीती, ज्याची मर्यादा त्याच मानकात ०.०३ आहे आणि फार तर ०.२. मामाला फोन केला. “मामा, थांबा. मी चुकीचं सांगितलं.” तो म्हणाला, “मंग आता काय टाकू?” या प्रश्नाचं उत्तर मी अजून देऊ शकलेले नाही.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं रामायण सांगितलं ते एवढ्यासाठी, की लिटरेचर सर्व्हे हे रिपोर्ट जाड करण्याचं साधन आहे अशी आपली जी समजूत आहे, ती माझीही होती. आणि आपणच तेवढे चोर असंही नाही! २००३ मध्ये अमेरिकेतल्या सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी मजेदार हिशोब मांडला. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा १९७३ चा एक गाजलेला फिजिक्सचा पेपर. (या दोघांना पुढे २०१६ मध्ये नोबेल मिळालं.) तो सुमारे ४३०० वेळा उद्धृत झाला होता. त्यातल्या १९६ ठिकाणी संदर्भात छपाईची चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच एक चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी! आता आपल्याला हे कोणी समजावून सांगायला नको. दोन जर्नलमध्ये रीडिंगची एकच चूक सापडली की लॅबमधले सर काय ओळखतात? तेच यांनी ओळखलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे मूळ पेपर प्रत्यक्ष वाचून संदर्भ देणारा पाचातला जेमतेम एक.

यात हसण्यासारखं आहे, पण एक गोष्ट वाचून माझं हसू गेलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गातली वेदनाशामकं दिली, त्यांतल्या फक्त चौघांना नीट नोंद झालेलं व्यसन लागलं, असं त्यात होतं. बस. घरी महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं, तर ते पत्र ६०८ वेळा उद्धृत झालेलं. त्यातल्या ४३९ ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून, आणि हे हॉस्पिटलातले रुग्ण होते हे ४९१ जणांनी सांगितलंच नाही. तिकडे त्या गोळ्यांच्या व्यसनाने पुढे काय हाहाकार झाला तो सगळ्यांनी वाचला असेल. सगळा दोष त्या पत्राचा असं म्हणणं हा पुन्हा माझा सात नंबरसारखाच प्रकार होईल, औषध कंपन्यांच्या जाहिराती वगैरे बरंच काही त्यात आहे. पण पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? माझ्या मामाच्या मुठीचंच हे मोठं रूप.

आता मी पुन्हा चॅप्टर टू लिहायला घेतला आहे. मार्क मिळून गेलेत, त्यामुळे आता तो फक्त मामासाठी. कसा करते ते सांगते, कारण हे आम्हाला कुठल्या तासाला कोणी सांगितलं नाही.

पेपर हातात आला की मी आधी सारांश वाचायचं सोडून दिलं आहे. सारांशात प्रत्येक पेपर यशस्वी असतो! थेट प्रयोगाच्या भागात जाते आणि शंभर पानी वहीत आडवे रकाने भरते. पाणी कुठलं, सुरुवातीला फ्लोराईड किती, अल्कलिनिटी, पीएच, काय टाकलं, किती टाकलं, किती वेळ, शेवटी किती उरलं. नारळाच्या शेंड्या, विटांचा चुरा, चिंचोके, राख, कशाकशाने फ्लोराईड काढल्याचे पेपर आहेत, आणि बहुतेकांचा आव असा की उद्यापासून खेड्याचा प्रश्न सुटला. पण रकाने भरायला लागलं की गंमत कळते. ‘पाणी कुठलं’ या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच उत्तर येतं, की डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराईड विरघळवून. मामाच्या बोअरला डिस्टिल्ड वॉटर येत नाही. त्यात बायकार्बोनेट आहे, आणि ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनासारख्या पदार्थावर ते फ्लोराईडशी जागेसाठी भांडतं, जनरल डब्यात खिडकीसाठी भांडावं तसं.

किंवा टक्क्यांचं घ्या. ‘९५ टक्के फ्लोराईड निघालं’ हे वाक्य कित्ती छान वाटतं. सुरुवात १० पासून केली असेल तर उरलं ०.५, उत्तम. सुरुवात ४० पासून केली असेल तर उरलं २, म्हणजे पाणी पिण्यालायक नाहीच! टक्का तोच. म्हणून वहीत टक्के लिहायचे नाहीत, उरलेलं लिहायचं. आणि समजा पेपर म्हणतो लिटरला दहा ग्रॅम पावडर. मामाच्या घरी पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला चाळीस लिटर धरा. रोज चारशे ग्रॅम, महिन्याला बारा किलो पावडर. ती आणणार कोण, आणि वापरलेली पावडर टाकायची कुठे, मामीच्या तुळशीत? पेपरवाल्यांनी हा गुणाकार केलेला नसतो, तो आपणच करायचा असतो. मला वाटतं सर्व्हे म्हणजे हाच गुणाकार.

शोधण्याबद्दल थोडं. गुगल स्कॉलरवर मी आठवडाभर ‘फ्लोराईड रिमूव्हल’ टाकत होते. ‘डीफ्लुओरिडेशन’ टाकल्यावर वेगळेच, आणि जास्त करून आपल्याकडचे जुने पेपर वर आले. म्हणजे एकाच गोष्टीला लोक काय काय म्हणतात त्याची यादी आधी करायची. पेपरखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक केलं की त्याच्यानंतरचे लोक दिसतात, शेवटच्या यादीतून आधीचे. असं मागे मागे जात मी १९३७ सालापर्यंत पोचले. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या फ्लोराईडने हाडं आखडलेले रुग्ण नोंदवले होते. नव्वद वर्षं होत आली! शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध फुकट मिळतात, आणि प्रबंधात लोक पेपरपेक्षा जास्त खरं बोलतात, काय बिघडलं तेही लिहितात. पैसे मागणारे पेपर आपल्याला परवडत नाहीत, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५ मध्ये सुरू झालं ते सरकारी संस्थांसाठी. पण लेखकाला सरळ मेल करा. मी तिघांना केली, दोघांनी दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली. एकाने तर उलट विचारलं, तुमच्याकडच्या पाण्यात सिलिका किती आहे. कोणीतरी आपलं वाचतंय याचा त्यांना आनंद होतो बहुतेक.

कॉम्प्युटरवर सापडलं नाही म्हणजे नाहीच, हे मात्र धरून चालू नका. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिलेली चोवीस वर्षांची, धडधाकट स्वयंसेविका फुप्फुसं निकामी होऊन गेली. संशोधकाने आधी शोध घेतला होता, पण ज्या पबमेडवर मुख्यतः घेतला त्यात तेव्हा १९६६ च्या आधीचं नव्हतं. त्या औषधाने फुप्फुसांना अपाय होतो असे पेपर १९५० च्या दशकातले होते. ते छापील होते. आपल्या मागच्या खोलीतल्यासारख्या कुठल्यातरी खोलीत.

म्हणून लायब्ररीच्या सरांना विनंती. तिकडचे जुने व्हॉल्यूम रद्दीत जाणार अशी मेसमध्ये बातमी आहे. खोटी असेल तर उत्तम. मला तक्ता मिळालेल्या पुस्तकाच्या मागची स्लिप बघितली. माझ्या आधीचा शिक्का १९९४ चा आहे, हे रद्दीच्या बाजूचं कारण होऊ शकतं याची कल्पना आहे. तरीपण.

आणि हल्लीचा शॉर्टकट! आमच्या विंगमधल्या एकीने चॅटबॉटकडून दहा संदर्भांची यादी करून घेतली. लेखक, वर्ष, पान नंबर, सगळं चकाचक. तीन पेपर जगात अस्तित्वातच नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशाच बनावट खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्याला कोण दंड करणार? आपल्याकडे तर यादी मोजतात, वाचत नाहीत.

हा राग मात्र काढतेच. ‘किमान वीस पेपर’ ही अट ज्यांनी घातली त्यांचा हेतू चांगला असेल, पण वीस पेपर वाचायला आम्हाला दिवस किती मिळतात? विषय पक्का झाल्यापासून रिपोर्टपर्यंत पाच आठवडे, त्यात युनिट टेस्ट, त्यात गॅदरिंग. वीसच्या जागी पाच करा, आणि ते पाच घेऊन आधी दहा मिनिटांची व्हायवा घ्या, विषय मंजूर करण्याच्या आधी. प्रत्येक पेपरचं पाणी कुठलं होतं ते विचारा. (मेकॅनिकलवाल्यांनी आपापलं पाणी शोधावं.) सध्या आपण विषय आधी ठरवतो, काम करतो, आणि शेवटच्या रात्री ‘हे पूर्वी कोणी केलं होतं का’ ते बघतो. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं आहे हे. मला माहीत आहे, स्टाफलाही सबमिशनचा ढीग असतो आणि साठ जणांचे पाच पेपर म्हणजे तीनशे होतात. पण साठ जणांचे न वाचलेले वीस म्हणजे बाराशे, ते तरी कोणाच्या काय कामाचे?

शेवटी एक निवेदन. माझ्या सेमिनार रिपोर्टची सॉफ्ट कॉपी बी डिव्हिजनमधल्या निदान तिघींकडे आणि सेकंड इयरच्या एका मुलीकडे गेली आहे, त्यांच्याकडून पुढे किती जणांकडे गेली असेल देव जाणे. पान अकरा, तिसरा परिच्छेद, पहिलं वाक्य काढून टाका. लायब्ररीतल्या छापील कॉपीत त्या पानावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, पण डिंक होस्टेलचा आहे, किती दिवस टिकेल सांगता येत नाही.